दक्षिणेच्या चौकातली मुंगी

एका जंगलात ऐनाच्या झाडाखाली एक शहर राहत असे. शहरात आपण राहतो, शहर कसे राहील, असे तुम्ही विचाराल. पण मुलांनो, हे शहर मुंग्यांचे होते. वरून पाहिले तर मातीचा नुसता ओबडधोबड उंचवटा, ज्याला आपण वारूळ म्हणतो. त्यावर एखादा सरडा ऊन खात पडलेला असे. आत मात्र बोगद्यांना बोगदे फुटलेले, खोल्यांखाली खोल्या, आणि त्यांतून अष्टौप्रहर अशी ये-जा चाले की जमिनीला कान लावणाऱ्याला वाटावे, कुणीतरी गाढ झोपेत श्वास घेते आहे. म्हणून म्हटले, शहर राहत असे.

शहराच्या मधोमध राणीचा महाल होता. महालाभोवती एक गोल वाट होती आणि तिच्यावर चार दिशांना चार चौक होते. त्यांपैकी दक्षिणेच्या चौकात एक मुंगी बसे. येणाऱ्या मुंगीला मिशी लावायची, ती कुठे निघाली आहे ते ओळखायचे आणि सांगायचे, "इकडे जा." तिचे काम एवढेच. ओळखायची खूणही सोपी होती. त्या शहरात प्रत्येक खोलीची माती वेगळी. कोठाराची माती काळी आणि उबट वासाची, पाणवठ्याची ओली आणि गार, पश्चिमेकडच्या बाळंतखोलीची पिवळी, वाळ्याच्या मुळांचा वास असलेली. जिला जिथे जायचे असेल तिथल्या मातीचा कण घेऊन ती निघे. चौकातली मुंगी कण हुंगे आणि वाट दाखवी.

यातली एकही खोली तिने कधी पाहिली नव्हती. चौक सोडून ती कुठे गेलीच नव्हती. पण सगळ्या जगाचे वास तिच्याजवळून जात, आणि तेवढ्यावर ती मनातल्या मनात खोल्या बांधत बसे. वाळ्याचा वास आला की तिला वाटे, ती खोली पिवळसर उजेडाची असेल, तिथे सगळे हळू आवाजात बोलत असतील. कुणी "अगं, ऐकतेस ना?" म्हणून ढोसले की ती भानावर येई आणि म्हणे, "हो हो. डावीकडे जा."

एक गुपित सांगतो. पूर्ण वाट तिलाही ठाऊक नव्हती. तिला फक्त पुढचा चौक ठाऊक होता. त्या चौकातल्या मुंगीला त्याच्या पुढचा. शहरातल्या एकाही मुंगीला सगळी वाट माहीत नव्हती, आणि तरी कुणी चुकत नसे. हे कसे, याचा विचार करता करता आमची मुंगी पुन्हा तंद्रीत जाई.

तिच्या पायाशी एक भोक होते. ऐनाचे एक जुने मूळ कुजून गेले होते आणि त्याची पोकळ नळी राहिली होती. तिला जुनी वाट म्हणत. ती खूप खाली उतरून, वळसे घेत घेत पश्चिमेला निघे. फार लांबची, कुठे चढ, कुठे उडी, म्हणून आता त्या वाटेने कुणी जात नसे. पण तिथल्या चौकांवर म्हाताऱ्या मुंग्या अजून बसून होत्या. दिवसातून कितीदा तरी खालून टक् टक् असे व्हायचे. म्हणजे, "आहेस का?" आमची मुंगी पाय आपटून सांगायची, "आहे." मग ती विचारायची आणि खालून उत्तर यायचे. यापलीकडे त्या दोघींत कधी बोलणे झाले नाही. पण एखादा दिवस टक् टक् उशिरा आली तर वरचीचा जीव खालीवर होई.

आता या शहराची एक रीत ऐका, कारण सगळे रामायण तिच्यापायीच घडले. मोठे ओझे न्यायचे असले की मुंग्या माळ करून निघत. पहिलीला म्होरकी म्हणत. मातीचे लहानसे ढेकूळ फक्त तिच्याजवळ. दुसरीने पहिलीचा मागचा पाय धरायचा, तिसरीने दुसरीचा, अशा शंभर-दोनशे मुंग्या. मधलीला विचारा, "कुठे चाललीस?" ती म्हणणार, "पुढची जाते तिकडे." राणीभोवतीच्या वाटेवर आल्यावर माळेने राणीला उजव्या हाताला ठेवूनच फिरायचे, देवळात प्रदक्षिणा घालतात तसे. आणि माळ तोडायची नाही. मरण आले तरी नाही. "माळ तुटली, मुंगी सुटली," अशी म्हणच होती तिथे. जी माळ तोडील तिने वारूळ सोडून बाहेर जायचे, असा नियम होता. एकटी मुंगी बाहेर किती दिवस जगते, ते मी सांगायला नको.

थंडीचे दिवस होते. दुपारची वेळ होती. दक्षिणेच्या चौकात सगळे नेहमीसारखे चालले होते, आणि अचानक वरून धूळ झरू लागली. मग भिंती हादरल्या. पूर्वेकडून आवाज आला, फूऽऽ, आणि पाठोपाठ सूऽऽ.

अस्वल! अस्वलाची खाण्याची तऱ्हा माहीत आहे ना? नखांनी वारूळ उकरायचे, फुंकर मारून माती उडवायची आणि तोंडाचे नळकांडे करून आतला जीव न् जीव ओढून घ्यायचा. पूर्वेकडच्या खोलीत यंदाची सगळी अंडी होती. राणी म्हातारी झाली होती आणि पुढच्या साली ती अंडी घालील की नाही याची खात्री नव्हती. ती अंडी गेली असती तर शहरच संपले असते.

शहराची कामे वाटून देणारी एक म्हातारी मुकादमीण होती, ती उठली. बाई कडक, पण तिच्याइतके शहरावर कुणाचे प्रेम नव्हते. तिने चारी दिशांना हुकूम सोडले. पूर्वेची माळ अंडी घेऊन पश्चिमेच्या बाळंतखोलीत जाईल. पश्चिमेची माळ चिखलाचे गोळे घेऊन पूर्वेचे भगदाड बुजवायला येईल. उत्तरेची माळ पिल्लांना घेऊन दक्षिणेकडे खाली उतरेल, आणि दक्षिणेच्या लढवय्या मुंग्या उत्तरेच्या दारातून बाहेर पडून अस्वलाच्या पायांवर चढतील. चारही हुकूम बरोबर होते. चारही माळा एकदमच निघाल्या.

सगळ्यांच्या वाटा राणीभोवतीच्या गोल वाटेने जात होत्या आणि ती वाट तर एका मुंगीपुरती. पूर्वेची माळ वळून दक्षिणेच्या चौकापाशी आली, तर चौकातून लढवय्यांची माळ चाललेली. "थांब जरा, एवढ्या गेल्या की तू जा," आमची मुंगी म्हणाली. म्होरकी थांबली. पण लढवय्यांची माळही थांबली. एक पाऊल पुढे नाही की मागे नाही. वरून धूळ पडतच होती. फूऽऽ. सूऽऽ.

"अगं सरका की पुढे!" अंड्यांची म्होरकी ओरडली.

"पुढचीला सांग!" लढवय्यांतली एक म्हणाली. "आम्हाला काय हौस आहे इथे उभं राहायची?"

बराच वेळ झाला. आमची मुंगी स्वप्नाळू होती खरी, पण स्वप्नाळू माणसांना कधीकधी वेडगळ प्रश्न पडतात आणि नेमके तेच उपयोगी पडतात. तिने समोरच्या लढवय्या मुंगीला मिशी लावून विचारले, "तू कुणासाठी थांबलीस?"

"पुढचीसाठी."

"मग पुढचीला विचार, ती कुणासाठी थांबली आहे. आणि तिला सांग, हाच प्रश्न पुढे पाठव."

प्रश्न निघाला. या मिशीकडून त्या मिशीकडे, लढवय्यांच्या माळेतून पश्चिमेच्या चौकापर्यंत. तिथे त्यांची वाट चिखलवाल्या माळेने अडवली होती. प्रश्न चिखलवाल्यांतून उत्तरेच्या चौकात गेला. तिथे पिल्लांची माळ आडवी होती. तिच्यातून तो पूर्वेच्या चौकात गेला. आमची मुंगी वाट पाहत उभी राहिली. धूळ पडत होती, सगळीकडे मुंग्यांचा घामट, घाबरलेला वास भरला होता, आणि एवढ्या गर्दीतून तो लहानसा प्रश्न अंधारात चालत कुठे कुठे गेला असेल ते तिच्या डोळ्यांपुढे येत होते.

थोड्या वेळाने कुणीतरी तिला मागून ढोसले. वळून पाहते तो अंड्यांच्या माळेची म्होरकी. "काय गं," ती म्हणाली, "मागून विचारताहेत, तू कुणासाठी थांबलीस?"

आमच्या मुंगीने पुढे पाठवलेला प्रश्न मागून परत आला होता. म्हणजे ही माळ दुसरीसाठी थांबली होती, दुसरी तिसरीसाठी, तिसरी चौथीसाठी आणि चौथी पुन्हा हिच्याचसाठी. चारी चौकांत "थांब जरा" असेच सांगितले गेले होते. कुणीही खोटे बोलले नव्हते. आणि या गतीने त्या सगळ्या जगबुडीपर्यंत थांबल्या असत्या.

"अगं, आपण आपल्यासाठीच थांबलोय!" ती म्हणाली.

म्होरकीला काही कळले नाही. आमच्या मुंगीने पायाशी पाहिले. जुनी वाट रिकामी होती. पण तिथले चढ आणि उड्या अशा, की एकमेकींचे पाय धरून कुणालाच जाता आले नसते. एकेकटीनेच जावे लागले असते. तिने खाली टक् टक् केले. "आहेस का?" लगेच उत्तर आले, "आहे."

"म्होरके, तुझ्याजवळची माती दे," ती म्हणाली, "आणि माळ सोड."

गडबड ऐकून मुकादमीण सगळ्यांच्या पाठींवरून तुडवत तिथे आली होती. तिने हे ऐकले आणि ती कडाडली. "माळ सोड? तुझं डोकं ठिकाणावर आहे का गं? अंड्यांची माळ आहे ती! मधल्यांना काय कळतं कुठे जायचं ते? एकेक करून सगळ्या भटकतील आणि अंडी कुठल्या तरी बिळात सडतील."

"मावशी, उभ्या राहिल्या तर अस्वलाच्या पोटात जातील."

"पुढची वाट मोकळी होईल की आत्ता."

"होणार नाही, मावशी. मी विचारून पाहिलं."

"आणि नियम ठाऊक आहे ना तुला? तुला बाहेर जावं लागेल."

आमच्या मुंगीला भीती वाटली. खूप वाटली. जिने चौक कधी सोडला नव्हता तिला वारूळ सोडायचे म्हणजे काय, याची कल्पनासुद्धा करवेना. पण पूर्वेकडून पुन्हा सूऽऽ झाले, आणि अंड्यांच्या माळेचे शेपूट अजून तिकडेच होते. तिने म्होरकीच्या तोंडातले पिवळे ढेकूळ घेतले, फोडले, आणि दुसऱ्या मुंगीने म्होरकीचा धरलेला पाय आपल्या दातांनी सोडवला.

त्या दुसऱ्या मुंगीने जन्मात कधी कुणाचा पाय सोडला नव्हता. अंडे तोंडात घट्ट धरून ती रडकुंडीला आली. "ताई, मी मधली आहे हो. मला पुढचं काही ठाऊक नसतं."

आमच्या मुंगीने तिच्या अंड्याला पिवळ्या मातीचा एक कण चिकटवला. "पुढचं मलाही ठाऊक नाही बाळे. मला फक्त पुढचा चौक ठाऊक आहे. या भोकातून उतर. खाली एक म्हातारी बसली आहे, तिला हा कण हुंगू दे. ती पुढचं सांगेल. तिथून पुढची, त्याच्या पुढचं सांगेल."

"आणि कुणी नसलंच तर?"

"तर मागे ये आणि दुसरीकडे विचार. पण थांबून राहू नकोस."

ती उतरली. तिच्यामागून तिसरी, चौथी, दहावी. प्रत्येक अंड्याला एक कण. म्होरकी तोंड पाडून शेवटी स्वतःही उतरली, कारण आता तिच्यामागे कुणी उरले नव्हते. अंड्यांची माळ आटत गेली तशी पूर्वेच्या चौकात जागा झाली. पिल्लांची माळ तिथून पुढे सरकली, तिचे शेपूट उत्तरेच्या चौकातून निघाले, तशी चिखलाची माळ हलली. चिखलाची हलली तसा पश्चिमेचा चौक सुटला आणि लढवय्या धावत सुटल्या. एवढे मोठे अडलेले चाक, पण पहिल्या इंचानंतर ते आपोआप फिरू लागले. चिखलाच्या गोळ्यांनी पूर्वेचे भगदाड भरले. वर अस्वलाच्या नाकावर दोनशे मुंग्या चढल्या, तेव्हा ते शिंकत शिंकत मोहाच्या झाडाखाली पळून गेले.

अंडी बाळंतखोलीत कशी पोहोचली म्हणाल, तर कशीही. पाचवे आधी आले, दुसरे नंतर. काही या बाजूने आली, काही त्या बाजूने, तीन तर छतातून पडली. तिथल्या दाया चक्रावून गेल्या. त्यांना माळेतली अंडी क्रमाने लावायची सवय होती. पण अंड्यांना आपण कितवे आहोत ते कुठे कळते? ऊब लागली की ती सगळी सारखीच खूश होती.

मुकादमिणीने मात्र मोजली. दोनदा मोजली. एक अंडे कमी होते. एक मुंगीही कमी होती. कोण, तर पहिली उतरलेली ती मधली.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. दक्षिणेच्या चौकातली मुंगी वाट दाखवत होती, पण तिचे लक्ष पायाशीच होते. दर थोड्या वेळाने ती टक् टक् करी. "आहेस का? एक मधली आली होती का?" खालची म्हातारी सांगे, "आली होती. पुढे पाठवली." त्याच्या पुढचे तिलाही ठाऊक नव्हते. तिच्याकडून पुढच्या चौकाला विचारले, तर तिथून उत्तरच आले नाही. त्या चौकाचे छत अस्वलाच्या धक्क्याने पडले होते आणि तिथली म्हातारी त्याखाली गेली होती. हे कळले तेव्हा आमची मुंगी फार रडली. आपण त्या भित्र्या मुलीला एकटीला कुठे ढकलून दिले, असे तिला सारखे वाटे. झोप लागली की तिला पिवळसर उजेडाची एक खोली दिसे आणि त्या खोलीचे दार सापडत नसे.

पाचव्या दिवशी मुकादमीण आली. तिने मिशा खाली सोडल्या होत्या. "चल," ती म्हणाली. "बाकीची वाचली ती तुझ्यामुळे, हे मी सगळ्यांना सांगितलंय. पण म्हण खोटी ठरली नाही. माळ तुटली आणि एक मुंगी सुटली. नियम मी केलेला नाही, पोरी. पण माझ्या डोळ्यांदेखत मोडताही येत नाही."

"मोडू नका, मावशी," चौकातली मुंगी म्हणाली, आणि तिने चौक सोडला.

बाहेरच्या दाराची वाट पश्चिमेच्या बाळंतखोलीतून जात होती. जिचा वास ती जन्मभर घेत आली ती खोली तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. पिवळा उजेडबिजेड काही नव्हता. इतर खोल्यांसारखीच काळोखी होती. फक्त तिथे सगळे खरोखरच हळू आवाजात बोलत होते. दायांनी तिला वाट करून दिली.

ती दारापाशी पोहोचली तेवढ्यात पलीकडच्या भिंतीतून माती पडली. आधी दोन मिशा आल्या, मग धुळीने माखलेले डोके. मधलीच होती ती! ती एका पायाने लंगडत होती. तोंडात अंडे नव्हते. तोंडात एक पांढरी, गुबगुबीत अळी होती आणि ती अळी भुकेने वळवळत होती.

"उशीर झाला हो," मधली म्हणाली. तिने अळी खाली ठेवली. "दुसरा चौक पडला होता. मग मी मागे आले, बाजूच्या बोगद्याने गेले, तिथे विचारलं. त्यांनी खाली पाठवलं. खालून पाण्याकडे, पाण्याकडून कोठाराकडे. कितीतरी चौक झाले, मला मोजता येत नाही. सगळीकडे विचारत आले. काल सकाळी हे बाहेर आलं."

दाया धावल्या. एकीने अळीला भरवायला घेतले. मुकादमिणीने मधलीला जवळ घेतले आणि तिच्या मिशा पुसल्या, म्हाताऱ्या बायका नातवंडांच्या पुसतात तशा.

"एकटीला भीती नाही वाटली गं?"

मधलीने विचार केला. "वाटली की. पण एका वेळेला फक्त पुढच्या चौकापर्यंतचीच वाटायची."

चौकातली मुंगी दारात तशीच उभी होती. एक पाय उंबऱ्याबाहेर होता. मुकादमीण तिच्याकडे वळली आणि नेहमीच्या कडक आवाजात ओरडली, "तू अजून इथेच? माळ तुटली, पण मुंगी काही सुटली नाही. दक्षिणेचा चौक मोकळा पडलाय. जा लवकर, तिकडे सगळ्या खोळंबल्या असतील!"

तात्पर्य : सगळेच एकमेकांची वाट पाहत खोळंबले, तर कुणीतरी धीर करून धरलेली साखळी सोडावी, आणि पूर्ण वाट ठाऊक नसली तरी, पुढच्या पावलापुरती विचारत जो चालत राहतो तो उशिरा का होईना, मुक्कामाला पोहोचतो.